एकाच पानाचे गूगलवर अनेक पत्ते: होमस्टे आणि आंबा-काजूवाल्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत घरगुती निवास, आंबा-काजूची घरची विक्री, गावच्या देवळाची माहिती अशा छोट्या छोट्या साइट मी सांभाळते. दर वर्षी फेब्रुवारीत पेटीची चौकशी सुरू झाली की तेच प्रश्न फोनवर यायला लागतात: "गूगलवर आमचं पान दोनदा येतंय", "जुनाच दर दिसतोय", "काढून टाकलं तरी जात नाही". म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली आहेत. कुठलाही प्रश्न सुटा वाचलात तरी चालेल. जिथे दुसऱ्या उत्तराचा संबंध येतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. एकच पान दोनदा दिसतं म्हणजे नेमकं काय झालेलं असतं? मी तर पान एकदाच बनवलंय.

तुम्ही पान एकदाच बनवलंय, पण त्याच्यापर्यंत जाणाऱ्या वाटा अनेक आहेत. आपल्याकडच्या घराला रस्त्याकडून एक बेडं (कुंपणाचं फाटक) असतं आणि समुद्राकडून दुसरं. कुठूनही आत आलं तरी पाहुणा त्याच पडवीत येतो. गूगलचा रोबोट (साइट वाचत फिरणारा प्रोग्राम) मात्र घर नव्हे, ही बेडी मोजतो. त्याच्या हिशेबी प्रत्येक वेगळा पत्ता हे वेगळं पान, आणि दोन्हीकडे मजकूर एकच आहे हे त्याला नंतर ताडून पाहावं लागतं.

हे पत्ते किती होतात ते बघा. पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपी किंवा त्याचं सुरक्षित रूप एचटीटीपीएस, असे दोन. प्रत्येकाचे पुढे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेला आणि नसलेला असे दोन, म्हणजे चार. आतल्या पानाच्या पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ आहे की नाही, यावरून आठ. त्यात कुणी रूम्स हा शब्द एकदा मोठ्या लिपीतल्या आर ने आणि एकदा छोट्या आर ने लिहिला, की आणखी भर. डोमेनमध्ये, म्हणजे साइटच्या नावात, मोठी-छोटी अक्षरं एकच धरली जातात, पण त्यापुढच्या भागात ती वेगळी धरली जातात. मात्र हॅश चिन्हानंतर येणारा भाग गूगल साधारणपणे वेगळा पत्ता मानत नाही, त्याची काळजी नको.

२. यामुळे गूगल दंड करतं का? साइट काळ्या यादीत जाते असं ऐकलंय.

नाही. एकाच साइटवर अनवधानाने झालेल्या दुहेरी पत्त्यांसाठी दंड नाही, हे गूगलने २००८ मध्येच स्पष्ट केलं आहे. कारवाई होते ती फसवणुकीच्या हेतूने नकला पसरवणाऱ्यांवर. "दंड लागलाय, इतके पैसे द्या, काढून देतो" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या.

पण नुकसान होतं, आणि ते मी दर हंगामात बघते. अनेक पत्त्यांतला एक गूगल स्वतः निवडतं आणि बाकीचे मागे ठेवतं. त्याने निवडलेला पत्ता तुमच्या मनातला असेलच असं नाही. देवगडच्या एका बागायतदारांचं दरांचं पान असंच दोन पत्त्यांवर उघडत होतं. साइटवर साठवलेल्या प्रती दाखवणारी सोय चालू होती, त्यामुळे एका पत्त्यावर नवा दर आणि दुसऱ्यावर गेल्या वर्षीचा. गूगल दाखवत होतं जुना. गिऱ्हाईक फोनवर स्क्रीनशॉट पाठवून म्हणे, "तुमच्याच साइटवर हा दर आहे, आता वाढवून का सांगता?" ते गृहस्थ खरं बोलत असूनही खोटे ठरत होते. माझ्या दृष्टीने खरा तोटा हा आहे. शिवाय लोकांनी तुमच्या पानाला दिलेल्या लिंका वेगवेगळ्या पत्त्यांवर विखुरतात, तो तोटा वेगळा.

३. माझ्या साइटचं असं झालंय का, हे घरच्या घरी कसं तपासू?

तीन गोष्टी करा, अर्ध्या तासात होतात.

आधी ब्राउझरमध्ये तुमच्या साइटचे चारही पत्ते हाताने टाइप करा: एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय. चारही वेळा पान उघडल्यावर वरच्या पट्टीत शेवटी एकच पत्ता दिसला पाहिजे. चार वेळा चार पत्ते तसेच राहिले तर दुखणं तिथेच सापडलं. हीच तपासणी खोल्यांच्या किंवा दरांच्या आतल्या पानावरही करा, कारण पुष्कळदा मुख्य पान ठीक असतं आणि आतली पानं मोकाट असतात.

मग गूगलच्या शोधात साइट हा शब्द इंग्रजीत, त्याला लागून विसर्गासारखं कोलन आणि जागा न सोडता तुमचं डोमेन लिहा. तुमची जी पानं गूगलकडे आहेत त्यांतली बरीचशी दिसतील. ही यादी पूर्ण नसते, आणि वळवलेले जुने पत्तेही तीत बरेच दिवस दिसत राहतात. म्हणून तिच्यावरून अंदाज बांधा, निकाल देऊ नका.

निकाल मिळतो सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या फुकट सेवेत. साइट जोडताना डोमेन प्रकार निवडा. ही सोय २०१९ मध्ये आली. तिच्यात चारही प्रकारचे पत्ते एकत्र दिसतात. डोमेनच्या डीएनएसमध्ये (तांत्रिक नोंदींत) एक ओळ घालावी लागते, तेवढा त्रास घ्या. मग यूआरएल तपासणीत पत्ता टाका. तिथे तुम्ही सांगितलेला मूळ पत्ता आणि गूगलने निवडलेला मूळ पत्ता असे दोन्ही दिसतात. दोन्ही एकच असतील तर त्या पानापुरतं तुमचं काम झालेलं आहे.

४. आमच्या नावाने शोधलं की आमच्याच साइटचे दोन निकाल येतात. हे डुप्लिकेटच ना?

बहुधा नाही. एक मुख्य पान आणि एक खोल्यांचं पान असेल तर ती दोन वेगळी पानं आहेत. तुमच्या नावाने शोधल्यावर ती दिसणं चांगलंच. मुख्य निकालाखाली "संपर्क", "दर", "फोटो" अशा छोट्या लिंका येतात त्याही नकला नव्हेत. दोन्ही निकाल उघडा. शब्दन्‌शब्द तोच मजकूर आणि पत्ता वेगळा, असं असेल तरच पुढचं वाचा.

५. सर्च कन्सोलमध्ये पानं "इंडेक्स झाली नाहीत" म्हणून करड्या रंगात भलीमोठी संख्या येते. घाबरायचं का?

इंडेक्स म्हणजे गूगलची नोंदवही. संख्या बघू नका, कारण बघा. कॅनॉनिकल टॅग म्हणजे पानाच्या कोडमधली "मूळ पत्ता हा" अशी खूण (प्रश्न ७). "योग्य कॅनॉनिकल टॅग असलेलं पर्यायी पान" असं लिहिलं असेल तर सगळं हवं तसंच चाललंय, हात लावू नका. "रीडायरेक्ट असलेलं पान", म्हणजे दुसऱ्या पत्त्याकडे वळवलेलं, हेही ठीक. "वापरकर्त्याने कॅनॉनिकल न निवडलेलं डुप्लिकेट" म्हणजे गूगलला नक्कल सापडली पण तुम्ही काहीच सांगितलेलं नाही, हे मात्र दुरुस्त करा (प्रश्न ७). "गूगलने वेगळं कॅनॉनिकल निवडलं" हा संदेश गुंतागुंतीचा आहे, त्यासाठी प्रश्न २० पाहा.

६. चार पत्त्यांपैकी ठेवायचा कुठला?

एचटीटीपीएस वालाच, यात दुमत नाही. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू ठेवा किंवा टाका, गूगलला दोन्ही सारखंच. मी मालकांना विचारते: रस्त्यावरच्या पाटीवर, कार्डावर, आंब्याच्या पेटीवर काय छापलंय? तोच पत्ता ठेवू या. पेट्यांचे खोके आधीच छापून आलेले असतात, ते बदलण्यापेक्षा साइट बदलणं स्वस्त.

पूर्वी सर्च कन्सोलमध्ये आवडीचं डोमेन निवडण्याची सोय होती. ती २०१९ मध्ये काढली. जुन्या व्हिडिओत ती दाखवतात म्हणून शोधत बसू नका.

७. रीडायरेक्ट करू की कॅनॉनिकल टॅग लावू? दोन्हींत फरक काय?

हा प्रश्न समजला की निम्म्या अडचणी संपतात, म्हणून सावकाश सांगते.

रीडायरेक्ट म्हणजे मागच्या बेड्याशी माणूस उभा करायचा आणि येईल त्याला हाताला धरून पुढच्या दारी आणायचं. पाहुणा असो की गूगलचा रोबोट, दोघेही नव्या पत्त्यावर पोचतात. यासाठी ३०१ क्रमांकाचं, म्हणजे कायमचं रीडायरेक्ट वापरा. ३०२ म्हणजे तात्पुरतं. त्यातून गूगलला कळतं की जुना पत्ता परत वापरात येणार आहे.

कॅनॉनिकल टॅग म्हणजे मागच्या बेड्यावर "आमचं मुख्य दार पुढे आहे" अशी पाटी. पाहुणा मागूनही आत येऊ शकतो, फक्त गूगलला कळतं की नोंद पुढच्या दाराची करायची. ही पाटी २००९ च्या फेब्रुवारीत गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून आणली.

नियम सोपा ठेवा. दुसरा पत्ता कुणालाच लागत नसेल तर रीडायरेक्ट. चार मूळ पत्ते, शेवटची तिरकी रेघ, जुनं पान, जुनं डोमेन हे सगळं इथे आलं. दुसरा पत्ता लोकांना खरोखर लागत असेल, उदाहरणार्थ स्वस्त ते महाग अशी लावलेली यादी किंवा छापण्यासाठीचं पान, तर कॅनॉनिकल. रीडायरेक्ट आणि कॅनॉनिकल हे दोन्ही गूगलसाठी भक्कम इशारे आहेत, साइटमॅप (साइटवरच्या पत्त्यांची यादी असलेली फाइल) त्यामानाने दुबळा. तिन्ही एकाच पत्त्याकडे बोट दाखवत असतील तर गूगलला शंका उरत नाही. तुमच्या स्वतःच्या मेनूतल्या लिंकाही त्याच पत्त्याच्या हव्यात. हे सगळेजण विसरतात.

रीडायरेक्टची साखळी लावू नका. जुन्यावरून मधल्यावर, मधल्यावरून नव्यावर असे दहा टप्पे गूगल चालून जातं, पण प्रत्येक टप्प्याला वेळ जातो. गुहागरच्या किंवा आंजर्ल्याच्या नेटवर तो वेळ पाहुण्याला चांगलाच जाणवतो. आणि एकदा लावलेलं रीडायरेक्ट निदान वर्षभर तरी काढू नका. खरं तर कधीच काढू नका.

८. आमची साइट वर्डप्रेसवर आहे. ते आपोआप करतं ना हे सगळं?

बरंचसं करतं. २००९ च्या डिसेंबरात आलेल्या २.९ आवृत्तीपासून सुट्या पोस्ट आणि पेजवर कॅनॉनिकल टॅग आपोआप येतो. तरी तीन जागी घोळ होतो.

एक, सेटिंगमध्ये साइटचा पत्ता अजून एचटीटीपी असाच लिहिलेला असतो. तो बदला.

दोन, एसईओची, म्हणजे गूगलवर पान नीट दिसावं यासाठीची, दोन प्लगइन (वर्डप्रेसला जोडायची छोटी सॉफ्टवेअर) एकाच वेळी चालू असतात आणि दोन वेगवेगळे कॅनॉनिकल टॅग घालतात. दोन पाट्या दोन दिशा दाखवायला लागल्या की गूगल बहुधा दोन्हींकडे दुर्लक्ष करतं. एक प्लगइन बंद करा.

तीन, फोटो. अपलोड केलेल्या प्रत्येक फोटोसाठी वर्डप्रेस एक वेगळं पान बनवायचं. समुद्र, पडवी, झोपाळा, सोलकढी असे २०० फोटो चढवलेत तर २०० रिकामी पानं. २०२३ च्या नोव्हेंबरातल्या ६.४ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या साइटवर हे बंद आहे. जुन्या साइटवर मात्र ते चालूच राहतं, तिथे एसईओ प्लगइनमधून ती पानं मूळ फोटोकडे वळवा.

९. नको असलेला पत्ता रोबोट्स फाइलमध्ये बंद करून टाकला तर काम होईल ना?

होणार नाही, उलट अडेल. रोबोट्स फाइल म्हणजे रोबोटने कुठली पानं उघडू नयेत याची यादी. बेड्यावर पाटी लावायची आणि तिथल्या पाखाडीवर (पायवाटेवर) कुणाला येऊच द्यायचं नाही, मग पाटी वाचणार कोण? रोबोट्स फाइलने अडवलं की गूगल ते पान उघडत नाही. त्यामुळे त्यावरचा कॅनॉनिकल, नोइंडेक्स (नोंद करू नका अशी खूण), रीडायरेक्ट यांतलं त्याला काहीच दिसत नाही. कुठून तरी लिंक मिळाली तर नुसता पत्ता निकालात येऊही शकतो.

रोबोट्स फाइलमध्येच नोइंडेक्स लिहिण्याची एक युक्ती फिरते. ती गूगलने १ सप्टेंबर २०१९ पासून बंद केली आहे. आणि एकाच पानावर नोइंडेक्स आणि दुसऱ्या पानाकडे बोट दाखवणारा कॅनॉनिकल असं दोन्ही लावू नका. "हे पान विसरा" आणि "हे पान त्यात धरा" या दोन उलट सूचना आहेत.

१०. मी घाईत सर्च कन्सोलच्या रिमूव्हल्समधून जुना पत्ता काढला. आता आमचं खरं पानही गायब झालंय! काय करू?

आधी तिथेच जाऊन ती विनंती रद्द करा. लगेच करा, बाकीचं मागाहून वाचा.

असं झालं कारण त्या सोयीला एचटीटीपी-एचटीटीपीएस किंवा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूचा फरक कळत नाही. एक पत्ता लपवलात की त्याची चारही रूपं लपतात. आणि ते लपवणं सुमारे ६ महिन्यांचंच असतं. ती मुदत संपेपर्यंत अख्खा आंब्याचा हंगाम गेलेला असतो. ही सोय चुकून उघड झालेली खासगी माहिती तातडीने झाकण्यासाठी आहे. दुहेरी पत्त्यांवर उपाय प्रश्न ७ मधलाच.

११. फेसबुकवरून लोक येतात तेव्हा आमच्या पत्त्याला भलं लांब शेपूट लागलेलं असतं. ते वेगळं पान धरलं जातं का?

धरलं जाऊ शकतं. प्रश्नचिन्हानंतर एफबीसीएलआयडी असं काही दिसतं, ते फेसबुक २०१८ पासून स्वतः जोडतं. माणूस कुठल्या जाहिरातीतून आला हे कळावं म्हणून लावलेली, यूटीएमने सुरू होणारी शेपटं आपण किंवा आपली जाहिरात बघणारा माणूस जोडतो. पानावर स्वतःकडे बोट दाखवणारा, शेपूट नसलेल्या पत्त्याचा कॅनॉनिकल असला की गूगल ही सगळी रूपं एकत्र करतं. फक्त यूटीएम जोडलेले पत्ते स्वतःच्याच साइटच्या मेनूत वापरू नका.

सर्च कन्सोलमध्ये अशा शेपटांसाठी वेगळी सोय होती, ती २०२२ मध्ये काढून टाकली.

१२. दर वर्षी हापूसच्या दराचं नवं पान बनवतो. जुनी पानं वर येतात, नवं मागे. असं का?

कारण जुन्या पानाला तीन वर्षांच्या लिंका आहेत आणि नवं पान काल जन्माला आलंय. वर मजकूर जवळपास तोच: डझनाचा दर, पेटीचा दर, मुंबई-पुण्याला पोच. गूगल दोन्ही एकसारखी समजून ओळखीचं पान दाखवतं.

पत्त्यात वर्ष घालूच नका. "हापूस दर" असं एकच कायमचं पान ठेवा आणि दर मार्चमध्ये त्यातले आकडे बदला. वर्ष मथळ्यात लिहा, ते दिसलंच पाहिजे. जुन्या वर्षांची पानं ३०१ ने या पानाकडे वळवा. पहिल्या वर्षी थोडं काम पडेल, त्यानंतर दर वर्षी पाच मिनिटांत आटोपेल.

पीडीएफ दरपत्रकाचंही तसंच. पीडीएफ हे गूगलसाठी स्वतंत्र पान असतं. फाइलचं नाव दर वर्षी तेच ठेवा म्हणजे नवी फाइल जुनीची जागा घेईल. पीडीएफच्या आत कॅनॉनिकल टॅग लिहिता येत नाही, तो सर्व्हरच्या हेडरमधून, म्हणजे फाइलबरोबर जाणाऱ्या न दिसणाऱ्या सूचनेतून, पाठवावा लागतो. गूगल २०११ पासून तो मानतं. हे स्वतः जमत नसेल तर दर साध्या पानावरच लिहा आणि पीडीएफ काढून टाका. फोनवर बघणाऱ्यालाही तेच सोयीचं.

१३. मराठी आणि इंग्रजी अशी दोन पानं आहेत. ती डुप्लिकेट धरतात का?

नाही. भाषांतर ही नक्कल नव्हे. प्रत्येक पानाचा कॅनॉनिकल स्वतःकडेच हवा, आणि एचरेफलँग टॅगने (कुठलं पान कुठल्या भाषेत ते सांगणाऱ्या खुणेने) दोन्ही पानांनी एकमेकांचा उल्लेख करायला हवा. एकानेच दुसऱ्याचं नाव घेतलं तर तो उल्लेख धरला जात नाही.

इथे एक चूक मला वारंवार सापडते आणि ती मनाला लागते. बनवणारा मराठी पानाचा कॅनॉनिकल इंग्रजी पानाकडे लावतो. गूगलला त्याचा अर्थ होतो "मराठी पानाची वेगळी नोंद नको." मग मालवणातल्या घराची मालवणातल्याच माणसाने मराठीत लिहिलेली माहिती मराठीत शोधणाऱ्याला मिळत नाही. तुमच्या मराठी पानाचा कॅनॉनिकल आज तपासा.

१४. पत्ता मराठीत ठेवलाय. दोन पत्ते अक्षरशः सारखे दिसतात, तरी गूगल दोन धरतं. डोळ्यांना तर काही फरक दिसत नाही!

फरक डोळ्यांना दिसणारा नसतोच. "किनाऱ्यावर" हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन रीतींनी टाइप होतो. नव्या रीतीत ऱ हे नुक्त्याचं अक्षर, मग हलन्त, मग य. जुन्या रीतीत साधा र, हलन्त, त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह, मग य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, पण संगणकाच्या लेखी अक्षरांची माळ वेगळी, म्हणून पत्ताही वेगळा. तुम्ही फोनवरून एक लिंक दिलीत आणि भाच्याने जुन्या कीबोर्डवरून दुसरी, की झाले दोन पत्ते. दोन्ही पत्ते कॉपी करून साध्या मजकुराच्या फाइलमध्ये चिकटवा. टक्केचिन्हांची जी लांब माळ दिसेल ती अक्षरागणिक ताडून पाहा, फरक सापडेल. मग चुकीचा पत्ता बरोबरकडे वळवा.

वर्डप्रेसवर आणखी एक अडचण आहे. पत्त्याच्या या तुकड्याला २०० ची मर्यादा असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, काना, वेलांटी, हलन्त सगळं सुटं मोजून, तिथे ९ जागा खातं. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं मावतात. "गणपतीपुळ्याजवळ समुद्रकिनाऱ्यावरचं घर" असा मथळा दिलात तर पत्ता "गणपतीपुळ्याजवळ-समुद्रकि" इथेच तुटतो. "गणपतीपुळ्याजवळ समुद्रकिनाऱ्यावरची खोली" हे दुसरं पान केलंत तर तेही तिथेच तुटतं, आणि वर्डप्रेस त्याच्या शेवटी दोनचा आकडा जोडतं. बघणाऱ्याला वाटतं ही नक्कल आहे, आणि तो चांगलं पान उडवतो. असं उडवलेलं पान मी एकदा बॅकअपमधून परत आणलं आहे.

म्हणून प्रसिद्ध करण्याआधी पत्ता स्वतः लिहा, दोन-तीन लहान शब्दांचा. नंतर बदललात तर पोस्टचा जुना पत्ता वर्डप्रेस बहुतेक वेळा स्वतःच वळवतं. पेजसाठी त्यावर विसंबू नका, रीडायरेक्ट हाताने लावा.

१५. बुकिंगच्या मोठ्या साइटवर आमचाच मजकूर आहे आणि गूगलवर तीच आमच्या वर दिसते. आम्ही कॅनॉनिकल लावू का?

तुमचा कॅनॉनिकल तुमच्या साइटपुरता, त्यांच्या पानावर तुम्ही काही लावू शकत नाही. तुम्ही नोंदणी करताना साइटवरचा मजकूर तिथे चिकटवलात, हे याचं मूळ आहे. तिथला मजकूर थोडक्यात ठेवा आणि स्वतःच्या पानावर तिथे नसलेलं लिहा: भरती-ओहोटीला किनारा कसा बदलतो, स्टेशनवरून रिक्षा मिळते का, जून ते सप्टेंबर समुद्रात उतरायचं का नाही, सकाळी घावने की आंबोळी.

सगळा मजकूर वेगळा असायलाच हवा असं मात्र नाही. हापूसला २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालं, ही माहिती प्रत्येक आंबेवाल्याच्या साइटवर असते. असा एखादा परिच्छेद सारखा असल्याने पान नक्कल ठरत नाही.

१६. गुहागर, चिपळूण, दापोली, खेड अशी काजूविक्रीची वेगळी पानं केली, फक्त गावाचं नाव बदललं. त्यातली दोनच दिसतात.

गावाचं नाव सोडून सगळं तेच असेल तर गूगल ती एकात धरतं, आणि शोधातून माणसं ओढण्यापुरती पानं म्हणून त्यांच्याकडे वाईट नजरेने बघण्याचीही शक्यता असते. एकच चांगलं पान करा आणि त्यात कुठल्या गावी कसा माल पोचतो ते लिहा. एखाद्या गावी खरंच तुमचं दुकान असेल तर त्याचं वेगळं पान हवंच, पण त्या दुकानाचे फोटो, वेळ आणि रस्ता घालून.

मुरुडसारख्या नावाचं उलटं असतं. दापोलीचं मुरुड वेगळं, जंजिऱ्याचं वेगळं. तिथे दोन पानं ही नक्कल नाही. तालुका-जिल्हा मथळ्यातच लिहा, नाहीतर जंजिरा बघायला निघालेलं कुटुंब बुकिंग करून दापोलीत पोचेल.

१७. साइट बनवणाऱ्याने चाचणीची प्रत तशीच ठेवलीय आणि तीच गूगलवर येते. जुनं डोमेनही त्याच्याच नावावर आहे.

चाचणीच्या प्रतीला पासवर्ड लावायला सांगा, हे दोन मिनिटांचं काम आहे. ती प्रत लागत नसेल तर काढून टाकायला सांगा.

डोमेनचं दुखणं मोठं आहे. माझ्या पहिल्याच कामात हे झालं. आधीच्या माणसाने डोमेन स्वतःच्या नावावर घेतलं होतं आणि तो फोन उचलेना. तिथे रीडायरेक्ट लावायला आमचा हात पोचत नव्हता, म्हणून जुनी साइट जुन्या फोन नंबरसकट वर्षभर वर राहिली. तो वळवायला तयार असेल तर ३०१ लावून घ्या आणि सर्च कन्सोलमध्ये पत्ताबदलाची सूचना द्या. नसेल तर त्याच्या होस्टिंग कंपनीकडे आणि गूगलकडे तुमच्या मजकूर-फोटोंच्या स्वामित्वहक्काची तक्रार करता येते. मूळ फोटो तारखेसकट जपून ठेवा, तेच पुरावे ठरतात. आणि यापुढे डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घ्या.

गूगलच्या व्यवसाय नोंदीतून फुकट बनणारी एकपानी साइट किनाऱ्यावर पुष्कळांकडे होती. त्या सगळ्या गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. तो पत्ता फेसबुकवर किंवा कार्डावर अजून असेल तर बदला.

१८. डॉट कॉम आणि डॉट भारत दोन्ही घेतलीत. दोन्हींवर साइट चालवू?

दोन्ही ठेवा, साइट एकावरच चालवा. देवनागरी डॉट भारत २०१४ पासून मिळतं आणि पाटीवर फार सुंदर दिसतं. तांत्रिक नोंदींत ते एक्सएन ने सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांत दिसेल. ते दुसऱ्याच कुणाचं डोमेन नाही, तुमचंच आहे. एकावरून दुसऱ्यावर ३०१ लावा.

१९. गूगल नकाशावर आमचं घर दोनदा आहे. तेही कॅनॉनिकलने जाईल का?

नाही, नकाशाची नोंद आणि वेब पान या वेगळ्या गोष्टी आहेत. नकाशावर नको असलेली नोंद उघडा, बदल सुचवा, आणि ती दुसऱ्या जागेची पुनरावृत्ती असल्याचं कारण निवडा. ज्या नोंदीवर जास्त अभिप्राय आहेत ती ठेवा.

२०. सगळं केलं, तरी गूगल माझा पत्ता मानत नाही. किती दिवस थांबायचं? की आमचंच कुठे चुकतंय?

छोट्या साइटवर गूगलचा रोबोट रोज येत नाही. काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत वेळ लागतो, क्वचित महिनेही. मुख्य पानांसाठी यूआरएल तपासणीतून इंडेक्सिंगची विनंती एकदा करा. रोज केल्याने वेग वाढत नाही. म्हणूनच मी ही कामं पावसात काढते. जून-जुलैत पाहुणे कमी, आंबा संपलेला. गणपतीपर्यंत पत्ते जागेवर बसतात. एप्रिलमध्ये, भर हंगामात, पत्ते बदलायला घेऊ नका. त्या वेळी फक्त चुकीचा दर दुरुस्त करा आणि साठवलेली प्रत पुसा.

दोन महिने झाले तरी गूगल दुसराच पत्ता निवडत असेल, तर लक्षात घ्या की कॅनॉनिकल ही सूचना आहे, हुकूम नव्हे. दोन पानांचा मजकूर खरोखर वेगळा असेल तर गूगल ती मानत नाही. फोनसाठी वेगळी साइट असेल आणि फोनवरच्या पानात टॅगच नसेल, तरीही असं होतं, कारण गूगल आता फोनवरचं पानच वाचतं. टॅग पानाच्या वरच्या, हेड भागात नसून खाली मजकुरात पडला असेल तर तो धरला जात नाही. कॅनॉनिकलमध्ये दिलेला पत्ता स्वतःच तिसरीकडे वळत असेल, तरीही नाही.

याने सुटलं नाही तर साइटमॅप उघडा. वेंगुर्ल्याच्या एका काजूवाल्यांकडे रीडायरेक्ट, कॅनॉनिकल, मेनू सगळं बरोबर होतं, आणि साइटमॅप मात्र २०१९ चा, प्रत्येक पत्ता एचटीटीपी. कुणीतरी हाताने बनवून ठेवलेली ती फाइल नंतर कुणी उघडलीच नव्हती. ती काढून नवी लावली आणि तीन आठवड्यांनी यूआरएल तपासणीच्या दोन्ही रकान्यांत एकच पत्ता दिसला.